ताईच्या डाव्या पायाचा अंगठा

१२ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

मोठ्या बहिणीला करायचा तो नमस्कार, भावोजींनाही. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण विचारलं तर उत्तर येत नाही. फोन लावला की दोन-तीनदा वाजतो आणि मग तू कापतेस. न उचलणं वेगळं आणि कापणं वेगळं, एवढं मलाही कळतं. म्हणून पत्र लिहायला बसले. हे कापता येत नाही. शिवाय तुझी सवय मला ठाऊक आहे, पुडीचा कागदसुद्धा तू सरळ करून, वाचून मगच टाकतेस. तेव्हा हे तू वाचणारच. शिव्या देत वाच हवं तर.

आज दुकानाला सुट्टी. सकाळपासून नुसती पडून होते. त्या बुटक्या स्टुलावर बसून बसून कंबरेचा काटा ढिला झालाय. उठताना टेबल धरावं लागतं. घरचे म्हणतात, म्हातारी झालीस. म्हटलं, झाले तर झाले, चहा तुम्ही करा. कुणी केला नाही.

सध्या लग्नाचा हंगाम, पार्लरमध्ये मान वर करायला फुरसत नाही. आणि काय काय पाय घेऊन येतात गं लोक! तोंडाला हजार गोष्टी फासतील, पायाकडे ढुंकून बघणार नाहीत. मग एक दिवस उघड्या चपला घालायची वेळ आली की धावत आमच्याकडे.

तू कधी विचारलं नाहीस, पण माझं खरं काम पाणी ओतण्याआधीच असतं. पाय एकदा टबात गेला की सगळं मऊ पडतं, सगळं सारखंच दिसायला लागतं. म्हणून आधी कोरडा पाय मांडीवरच्या टॉवेलवर घ्यायचा, जुना रंग पुसायचा, बोटं फाकवून एकेक बघायचं. नख जाड झालंय का, पिवळं पडलंय का, कडेला भुगा निघतोय का, खालून सुटलंय का, बाजूची कातडी लाल आणि गरम आहे का. तसं काही दिसलं की हात थांबवायचा. कापायचं नाही, घासायचं नाही, वरून रंग तर मुळीच लावायचा नाही. रोगाचं नावही घ्यायचं नाही. मी काही डॉक्टर नाही, उगाच एकाचं दुसरं सांगून बसले तर नसती आफत. फक्त म्हणायचं, "हे नख आज तसंच राहू दे, एकदा डॉक्टरांना दाखवून या." तेही हळू, शेजारच्या खुर्चीला ऐकू जाता कामा नये.

एवढं एक वाक्य. पण ते बोलून बोलून मी थकले बघ. पाय चोळून दमत नाही एवढी त्या वाक्यानं दमते. ऐकलं की लोकांचा चेहरा असा होतो, जणू मी त्यांच्या घरात शिरून कपाट उघडलंय. कुणी म्हणतं, बूट चावला. कुणी म्हणतं, दारात बोट सापडलं. एक बाई तर ताठ मानेनं म्हणाली, "आमच्या घराण्यात सगळ्यांची नखं अशीच आहेत." घराणं! जसा काही वारशात आलेला दागिना. मी "हो का" म्हटलं आणि पाय पुसून खाली ठेवला. ती परत आली नाही.

मालकीणबाई वाईट नाहीत. पण गिऱ्हाईक असं उठून गेलं की त्यांचं तोंड नासक्या दुधासारखं होतं. "तुला पाय करायला ठेवलंय का तपासणी नाक्यावर बसवलंय?" म्हणतात. भांडायचं त्राण उरत नाही.

परवा शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या काकू आल्या. फार गोड बाई. आमच्या टॉवेलांचा गठ्ठा स्वतः धुऊन आणून देतात, आल्या की सगळ्यांना हसवून जातात. पाय मात्र दिवसभर ओल्या फरशीवर. शुगर आहे, गोळ्या आठवण झाली तर घेतात. त्यांच्या अंगठ्याचं नख बघितलं आणि मी म्हटलं, "काकू, हे मी नाही करणार. आधी डॉक्टर." तर हसायला लागल्या. "अगं, दुखत नाही की खुपत नाही, कसला डॉक्टर? नातवाच्या वाढदिवसाला जायचंय, छानपैकी लाल रंग लाव." मी नाहीच म्हटलं. मालकीणबाईंनी डोळे वटारले आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदारणीला खूण केली. तिनं बिचारीनं कडा खोल कापल्या, घासलं, लाल रंग लावला. काकू खूश. जाताना माझा गालगुच्चा घेऊन म्हणाल्या, "फार घाबरट बाई तू."

आता तू म्हणशील, ही लॉन्ड्रीवालीचं पुराण मला कशाला सांगतेय. ताई, तुला माहीत आहे कशाला.

तुझ्या छकुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तूच म्हणालीस, सगळ्यांचे पाय करून दे. मी केले. तुझ्या जावेचे केले, नणंदेचे केले, विहीणबाईंचे केले. घरचीच माणसं म्हणून मोकळ्या हातांनी बसले होते. सगळ्यात शेवटी तू बसलीस. मी तुझा डावा पाय हातात घेतला, बघितला, उठले, पिशवीतून हातमोजे काढून घातले. पुन्हा बघितलं आणि म्हटलं, "तुझी नखं मी नाही करणार." विहीणबाई शेजारीच. तू हळूच म्हणालीस, "परक्यांचे पाय कुरवाळून पोट भरतेस, बहिणीच्या पायाची किळस आली होय?" बस, त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. लग्नात वाढायला उभी होते तर माझ्या पुढून ताट घेऊन निघून गेलीस.

दुकानात आम्ही पहिल्या गिऱ्हाइकापासून शेवटच्यापर्यंत हातमोजे घालतो, म्हणून ते कुणाला लागत नाहीत. त्या दिवशी ते फक्त तुझ्यासाठी निघाले. तुला लागलं, लागणारच. मला लागलं असतं. पण किळस? लहानपणी माझी नखं कापायला तू मला मांडीत दाबून धरायचीस आणि मी तुला कडकडून चावायचे. तुझ्या दंडावर वण असेल अजून. तुझ्या पायाची मला किळस येईल, असं तुला वाटलंच कसं?

नखाला फंगस आहे, असं मी तेव्हा म्हटलं. तो अंगठा डॉक्टरांना दाखव, माझं एवढंच मागणं आहे. तुलाही शुगर आहे, आणि पथ्य तर तू दुसऱ्यांना सांगण्यापुरतंच पाळतेस. अजून एक गोष्ट होती, पण जाऊ दे, पत्रात लिहिण्यासारखी नाही.

मला उत्तर नको देऊस. दाखवलंस एवढं भावोजींकडून कळव. छकुली सासरी रमली का तेही.

तुझी, तुझा राग पदरात घेऊन बसलेली,
धाकटी


२७ डिसेंबर, गुरुवार

ताई,

भावोजींचा फोन आला होता. "पत्र पोचलं म्हणते. आणि कुणीतरी तेल सांगितलंय, ते लावतेय म्हणते." बिचारे दर वाक्याला थांबत होते आणि मागून तुझं "सांगा तिला, सांगा" मला स्वच्छ ऐकू येत होतं. मध्ये एवढा दुभाषी कशाला बसवलास? मी विचारलं, डॉक्टर? तर म्हणाले, "ती म्हणते, दुखत नाही तर डॉक्टर कशाला."

ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. आज बरं नाही सांगून घरी राहिले आहे आणि हे लिहिते आहे. यात हसण्यासारखं फारसं काही नाही.

लॉन्ड्रीवाल्या काकू बरेच दिवस दिसल्या नाहीत. टॉवेलांचा गठ्ठा त्यांचे यजमान आणून द्यायला लागले. आम्हाला वाटलं, मुलाकडे राहिल्या असतील. शेवटी मी विचारलं तेव्हा ते दुकानाच्या दारातच उभे राहून म्हणाले, हॉस्पिटलात आहे. सोमवारी मी भेटायला गेले. काकू खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. मला बघून हसल्या, पलंगावर जागा करून दिली. पायाला भलं मोठं बँडेज. अंगठा काढला, शेजारचं बोटही काढलं. जखम भरली नाही तर अजून वर जावं लागेल, असं डॉक्टर म्हणालेत.

त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, जोडीदारणीलाही नाही. मी म्हटलं, "काकू, एवढं होईपर्यंत तुम्हाला कळलं कसं नाही?" तर म्हणाल्या, "दुखलं असतं तर आले असते गं. दुखलंच नाही. चपलेत ओलं लागलं म्हणून वाकून बघितलं, तर लाल. मला वाटलं, तो रंगच उतरला."

मी तिथे रडले नाही. बसस्टॉपवर येऊन रडले. लोक बघत होते, बघू देत.

दुकानात आता सगळे चिडीचूप आहेत. जोडीदारीण मोरीत जाऊन रडून येते आणि डोळ्यांत साबण गेला म्हणते. मालकीणबाईंनी सांगितलं, आजपासून येईल त्याचा पाय आधी तू बघायचा, तू हो म्हटलंस तरच टबात. म्हणजे ते वाक्य आता मी एकटीनं दिवसभर बोलायचं. माझं खरं ठरलं, त्याचा मला काडीचाही आनंद नाही. खोटं ठरलं असतं तर पेढे वाटून तोंड गोड केलं असतं सगळ्यांचं.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. नीट बसून वाच.

त्या दिवशी तुझ्या नखाच्या कडेला मला ओलं दिसलं. घामाचं ओलं नव्हे. म्हणून मी हातमोजे घातले. मग मी तुझा अंगठा दाबला. आधी हळू, मग जोरात. तू विहीणबाईंना सांगत होतीस की मंडपवाल्यानं खुर्च्या कमी पाठवल्या आणि वर तोंड करून बोलतो. मी आणखी जोरात दाबला. ताई, मी सगळी ताकद लावली होती. तुझं वाक्यसुद्धा तुटलं नाही. मग उजव्या पायाचं करंगळीजवळचं बोट जरासं चिमटलं, तर "आई गं, काय करतेस!" म्हणून ओरडलीस. आठवतंय? सगळ्या हसल्या होत्या. मी हसले नाही.

तुला डाव्या अंगठ्याला काही कळतच नव्हतं. तुला त्याचा पत्ताही नव्हता. मी घाबरले. पण दारात मंडप, घरभर पाहुणे, उद्या पोरीचं लग्न. त्यात मी काय सांगू, तुझा पाय तुला सांगायचं विसरलाय म्हणून? म्हणून मी फंगसचं नाव घेतलं. दुकानात कुणापुढे घेत नाही, तुझ्यापुढे घेतलं, कारण ते लहान होतं. त्या लहान नावाआड माझी भीती दडवली.

तू म्हणालीस, किळस. आणि खरं सांगू, मला वाटलं, बरं झालं. किळस तर किळस. रागावली तर रागावू दे, आजचा-उद्याचा दिवस तर सुखानं जाईल. लग्न उरकलं की शांतपणे सांगीन. मग लग्न उरकलं आणि तू फोन कापायला लागलीस. मीही मनाशी म्हणत राहिले, कळेल तिला, दाखवेल ती, फोनवर कशाला घाबरवायचं. काकूंचं बँडेज बघितलं आणि माझं हे सगळं शहाणपण गळून पडलं.

दुखत नाही म्हणून डॉक्टर नको, असं म्हणतेस ना? दुखत नाही म्हणूनच डॉक्टर हवा. दुखत असतं तर मी एवढी जिवाच्या आकांतानं लिहीत बसले नसते.

तेल बंद कर. नख कापू नकोस, कुणाला कापूही देऊ नकोस. घरातसुद्धा अनवाणी फिरू नकोस. शेकायला म्हणून गरम पाण्यात पाय घालू नकोस, भाजलं तरी तुला कळणार नाही. आणि डॉक्टरांना नख दाखवायचं नाही, पाय दाखवायचा, शुगर आहे हे आधी सांगायचं. ते लपवू नकोस. तू लपवशील म्हणून भावोजींना बरोबर ने.

मी सात तारखेच्या सोमवारी येते. सकाळच्या गाडीनं निघते, दुपारी दारात. सोमवार तसाही सुट्टीचा, मंगळवारची मालकीणबाईंनी दिली, न देऊन सांगतात कुणाला. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, येणारे-जाणारे विचारतील तेव्हा तुझं नाव सांगेन. तू माझ्याशी बोलू नकोस. जन्मभर बोलू नकोस, मी काही म्हणणार नाही. पण माझ्याकडे पाठ फिरवून तरातरा निघून जायचं, तर त्यालाही पाय लागतात ना गं?

सात तारखेपर्यंत थांबलीच पाहिजेस असं नाही. हे पत्र वाचून होताच गेलीस तर बरं. वाचून होताच जा.

तुझ्या रागाला न भिणारी, तुझ्या न दुखण्याला भिणारी,
धाकटी


३ जानेवारी

बारके,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून कोंबडीचे पाय ते कोंबडीचेच. चष्मा पुसून पुसून वाचलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा एवढा राग आला की कागद टाकूनच देणार होते. म्हटलं, आता हातमोज्यांचं झाकायला ही भलतीच गोष्ट रचते. आपल्या पायाला लागलं तर आपल्याला कळणार नाही होय? असं कुठे असतं? दिवसभर धुमसत होते. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, बसा बघू इथे खाली. एवढी वर्षं संसार झाला, पहिल्यांदाच माझ्या पायाशी बसले, तेही गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, डावा अंगठा दाबा, कळतं की नाही बघू.

वाट बघितली. काही नाही. म्हटलं, अहो दाबा की, झोप लागली का तिथेच?

तर म्हणाले, "अगं, केव्हाचा दाबतोय."

डोळे उघडले. त्यांच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती, एवढा जोर लावला होता. माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यांना तसं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. पाय त्यांच्या हातातच होता, तेही मला बघूनच कळत होतं.

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. तेल लावलं म्हणून बोलणी खाल्ली. नखाखाली जखम आहे, आत कुठवर गेलीय ते बघायला फोटो काढलाय, रक्त घेतलंय. सगळं सोमवारी चार वाजता सांगणार आहेत. काय निघेल ते मी विचारलं नाही, ह्यांनाही विचारू दिलं नाही.

किळस म्हणाले ते वाईट म्हणाले. विहिणीसमोर माझी मान खाली गेली, एवढंच मला दिसलं, आणि लग्नभर तेच धरून बसले. तू मात्र तो राग अंगावर घेऊन वाढत उभी होतीस, ते आज कळतंय. असली शहाणी कुठची. सांगायचं होतंस त्याच दिवशी, लग्न काय पळून जात होतं?

हे पत्र तू निघायच्या आधी पोचेल की नाही, कोण जाणे. फोन केला असता, पण फोनवर मला रडू आवरणार नाही आणि ह्यांच्यासमोर मला रडायचं नाही. तू दुपारी येतेस, म्हणजे चारला माझ्याबरोबर आत येता येईल. डॉक्टर बोलतील तेव्हा ऐकायचं काम तुझं, मी नुसती तुझ्याकडे बघणार. मला फार भीती वाटतेय गं. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

गाडी चुकवू नकोस.

आज तरी दोन्ही पायांवर उभी असलेली,
तुझी ताई